लैंगिक अर्थसंकल्प आणि बाईची जात

फलक बांधणाऱ्या पोराचा काही दोष नव्हता. छापखान्यातून जे आलं ते त्याने सुतळीने दोन खांबांना ताणून बांधलं. पण सभागृहात शिरणारी प्रत्येक बाई आधी वर बघायची, मग शेजारणीला कोपर मारायची, आणि मग दोघी पदराआड हसायच्या. फलकावर ठळक अक्षरांत होतं : ‘लैंगिक अर्थसंकल्प – महिला सरपंच प्रशिक्षण’. साठी ओलांडलेल्या एक सरपंचबाई माझ्या शेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, ह्या वयात आता आम्हांला हे कशाला?’’

चहाच्या सुट्टीत फलक उतरवला. त्या जागी काय लिहायचं हे मात्र कुणालाच ठरवता येईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मला बोलावलं होतं तेच मुळी ‘सरकारी कागदांची भाषा’ या विषयावर.

घोटाळा कसा झाला असेल ते उघड होतं. मूळ शब्द ‘जेंडर बजेट’. कुणीतरी कोश उघडला, जेंडरपुढे ‘लिंग’ सापडलं, त्याचं विशेषण ‘लैंगिक’. व्याकरणाने पाहिलं तर बिनचूक. पण शब्दालाही संगत असते. मराठीत ‘लैंगिक’ हा शब्द शिक्षण, शोषण आणि समस्या या तिघांच्या संगतीत वाढला. चौथ्या कुणाशेजारी बसवला की लोक हसणारच. खरं तर बिचारं ‘लिंग’ मुळात सोवळं आहे. लिंग म्हणजे खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग असतं, म्हणजे धूर दिसला की आग आहे असं ओळखायचं. व्याकरणातलं लिंग म्हणजेही शब्दाची खूणच. पुढे ती खूण शरीराला चिकटली आणि तिथेच राहिली. म्हणून स्त्रीवादी लेखनाने ‘लिंगभाव’ हा शब्द घडवला : शरीर वेगळं आणि त्या शरीरावर समाजाने चढवलेला भाव वेगळा. शब्द चांगला आहे. निबंधात, प्रबंधात आता रुळलाही आहे. पण ग्रामपंचायतीच्या पायरीवर तो अजून पोचलेला नाही, आणि पोचला तरी पहिली दोन अक्षरंच आधी ऐकू येणार.

इंग्रजी ‘जेंडर’ लॅटिनमधल्या ‘गेनुस’वरून, जुन्या फ्रेंचमधून आला. गेनुस म्हणजे प्रकार, वर्ग, कूळ. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या धातूपाशी नेतात, त्याच धातूची आपली बाजू म्हणजे संस्कृत ‘जन्’. जन, जन्म, जननी आणि जाती ही सगळी त्याचीच लेकरं. म्हणजे जेंडर आणि जात हे चुलतभाऊ निघाले. हे लक्षात आल्यावर मला एकदम आठवलं, की जेंडरला मराठी शब्द शोधत बसायची गरजच नाही. तो आपल्या आज्या रोज वापरत होत्या : ‘बाईची जात’.

परत आत गेल्यावर मी फळ्याकडे न वळता एवढंच विचारलं, की बाईच्या जातीने काय काय करू नये? हात वर करायलाही कुणी थांबलं नाही. मोठ्यांदा हसू नये. तिन्हीसांजेनंतर ग्रामपंचायतीत थांबू नये. पारावर बसू नये. ‘ह्यांना’ विचारल्याशिवाय चेकवर सही करू नये. शेवटच्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा आला. त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी तो ‘सरपंचपती’ नावाचा माणूस होता, ज्याचं पद कुठल्याच कायद्यात नाही. यादीत एकही गोष्ट शरीराची नव्हती. विद्यापीठात ज्यासाठी तीन तास लागतात ती व्याख्या पाच मिनिटांत झाली.

फलकावर ‘बाईच्या जातीचा अर्थसंकल्प’ लिहिता येत नाही, हे मलाही कळतं. आपल्याकडे जात म्हटल्यावर दुसरीच जात आधी उभी राहते. शिवाय त्या शब्दप्रयोगात तुच्छता मुरलेली आहे. पण अर्थ हवा असेल तर तो तिथेच आहे.

आता दुसरा शब्द. ‘बजेट’ची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, तरी सांगते, कारण तिचा शेवट आपल्या घरात होतो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बुजेत’ म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. इंग्लंडचा अर्थमंत्री हिशेबाचे कागद अशा पिशवीतून आणायचा अशी कल्पना, म्हणून तो पार्लमेंटात ‘बजेट उघडतो’. १७३३ मध्ये तिथला तेव्हाचा अर्थमंत्री वॉलपोल याची टिंगल करणारं एक चोपडं निघालं, त्याच्या नावातच पिशवी उघडल्याचा उल्लेख होता. जणू जादूगार किंवा वैदू आपली पिशवी उघडतोय. वैदूची पिशवी! म्हणजे बजेटला चपखल मराठी शब्द ‘बटवा’. आणि मराठीत बटवा कुणाचा? आजीबाईचा. माझ्या आजीचा खणाच्या कापडाचा, दोन बाजूंना ओढायच्या गोंड्यांचा बटवा मला अजून दिसतो. एका कप्प्यात सुंठ-वेखंड, दुसऱ्यात घडी करून करून मऊ झालेल्या नोटा. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत त्या नोटांची नोंद कुठेच नव्हती. घरातल्या दोन आजारपणांचा आणि एका परीक्षेच्या फीचा खर्च मात्र त्यांतूनच झाला होता.

आपल्या संविधानात ‘बजेट’ हा शब्दच नाही. केंद्रासाठी कलम ११२ आणि राज्यासाठी कलम २०२ ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ मागतात. मराठीने मात्र दोन शब्द घेतले आणि हुद्द्याप्रमाणे वाटून टाकले. विधिमंडळात ‘अर्थसंकल्प’, महापालिका आणि ग्रामपंचायतीत बहुतेक वेळा ‘अंदाजपत्रक’. (पेशवाईत यालाच ‘बेहेडा’ म्हणत, तो शब्द आपण का टाकला कोण जाणे, ठसका होता त्याला.) अंदाजपत्रकातला ‘अंदाज’ फारसी. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीर फेकतो तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. अंदाज म्हणजे नेम धरून फेकलेला आकडा. लागला तर लागला.

अर्थसंकल्प हा शब्द त्यापेक्षा भारदस्त, आणि म्हणून जास्त धोक्याचा. पूजेला बसलेल्या जोडप्याकडे कधी नीट बघा. गुरुजी संकल्प सांगतात. यजमान तळहातावर पाणी घेतो, देश-काल-गोत्र उच्चारतो, आपल्याला काय हवंय ते म्हणतो. बायकोला सांगितलं जातं, ‘‘हाताला हात लावा.’’ ती त्याच्या उजव्या हाताला बोटं लावते, बस्स. संकल्प त्याचा, स्पर्श तिचा. फळ दोघांना मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. मग ते पाणी ताम्हनात सोडायचं. याच कृतीवरून मराठीत ‘उदक सोडणं’ किंवा साधं ‘पाणी सोडणं’ हा वाक्प्रचार आला आणि त्याचा अर्थ झाला हक्क सोडून देणं. करायचा संकल्प आणि सोडायचं पाणी, दोन्ही एकाच हातून, एकाच मिनिटात! ‘अर्थसंकल्प’ हा शब्द ज्याने कुणी केला त्याच्या मनात हे नसणार, पण मार्चअखेर अखर्चित राहिलेल्या तरतुदी बघितल्या की शब्द फारच नेमका वाटतो.

त्या संकल्पात ‘सकुटुंब’ येतं. आता कुटुंब म्हणजे कोण? पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मराठी माणूस ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणायचा तेव्हा त्याला एकटी बायको अभिप्रेत असायची. तिचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सगळं घरच तिच्यावर घालायचं. सरकारी हिशेबात हे उलटं झालं. तिथे ‘कुटुंब’ हे एकक आहे; त्याला घर, त्याला गॅस, त्याला धान्य. पण कुटुंबात आलेलं कुटुंबाला, म्हणजे तिला, पोचलं का, हे त्या एककाच्या पोटात शिरल्याशिवाय दिसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरतं घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं. कागदावर एक शब्द हलला. दुकानाच्या रांगेत तर ती आधीपासूनच उभी होती.

लिंगभावाच्या नजरेने अर्थसंकल्प वाचायचा म्हणजे हेच एकक उकलायचं. ऑस्ट्रेलियाने १९८४ मध्ये हे पहिल्यांदा केलं : प्रत्येक खात्याने आपल्या खर्चाचा बायकांवर काय परिणाम होतो ते लिहून द्यायचं. आपल्याकडे २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत तसं विवरणपत्र येतं. त्याचे दोन भाग असायचे. ‘अ’ भागात शंभर टक्के बायकांसाठीच्या योजना, ‘ब’ भागात ज्यांतला निदान तीस टक्के पैसा बायकांसाठी आहे अशा. अलीकडे तीस टक्क्यांहून कमी असलेल्यांचा ‘क’ भागही जोडलाय. २०२५-२६ च्या विवरणपत्रात हे सगळं मिळून ४.४९ लाख कोटी रुपये होतात, एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के.

आकडा मोठा आहे. पण ‘शंभर टक्के’ या शब्दावर बोट ठेवून बघा. ग्रामीण घरकुल योजना कित्येक वर्षं ‘अ’ भागात होती, का, तर घर बाईच्या नावे द्यायचं धोरण. प्रत्यक्षात नवरा-बायकोच्या जोडनावाने आणि निव्वळ पुरुषाच्या नावानेही घरं मिळतात, आणि राहतं तर सगळंच घर. त्या छपराची शंभर टक्के किंमत बाईच्या खात्यावर मांडायची, हा हिशेब गमतीचाच. याउलट ज्या नळाने बाईचे रोजचे दोन तास वाचतात तो नळ कागदावर ‘पाणीपुरवठा’. तो बायकांसाठी किती टक्के, हे खेपा घालणारीला विचारावं.

सभागृहात त्या दिवशी एकीने आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक पिशवीत घालून आणलं होतं. स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात, तो आकडा तिने दाखवला. त्यापुढे खर्च : शिलाई मशीन. मागच्या वर्षी? शिलाई मशीन. त्याच्या मागच्या वर्षी? तिने पान उलटलं आणि स्वतःच हसली. ‘‘आमच्या गावात आता शिवणारणी जास्त आणि शिवून घेणारणी कमी झाल्यात.’’ रस्त्यावरच्या दिव्यांचा खर्च वेगळ्या पानावर होता. कुठल्या गल्लीत दिवे लागले हे तिला तोंडपाठ होतं : दारूच्या दुकानाच्या गल्लीत आहेत, मुलींच्या शाळेच्या वाटेवर नाहीत. तो खर्च ‘महिला’ या शीर्षाखाली नाही म्हणून कधी कुणी तसा वाचलाच नव्हता.

‘महिला व बालकल्याण’ यातल्या ‘व’ने किती वर्षं बाईच्या कडेवर मूल दिलंय, हा विषय वेगळा, तो परत कधी.

‘तरतूद’ हा शब्द मात्र सोडवत नाही. अरबी ‘तरद्दुद’वरून आलेला. मूळ अर्थ ये-जा करणं, मागेपुढे होणं, मनाची चलबिचल. हिंदी-उर्दूत ‘तरद्दुद’ म्हणजे आजही काळजी, विवंचना. मराठीने त्याच काळजीतून आगाऊ सोय काढली, हे मराठीच्या कारभारी स्वभावाला शोभतं. पण मूळचं मागेपुढे होणं त्या शब्दातून पुरतं गेलेलं दिसत नाही. आणि एक पाहिलंत का, आपल्या हिशेबातल्या शब्दांची लिंगं? तरतूद स्त्रीलिंगी, मंजुरी स्त्रीलिंगी. कपात, तूट, थकबाकी, उधारी, सगळ्या स्त्रीलिंगी. शिल्लकही, उरली तर. पुल्लिंगी कोण? निधी, खर्च, महसूल, ठेका. तरतूद झाली, मंजुरी मिळाली, निधी मात्र आला नाही. व्याकरणातल्या लिंगावरून समाजशास्त्र काढायचं नसतं हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगते. तरी तेवढं वाक्य सभागृहात म्हटल्यावाचून राहवलं नाही.

याच यादीत ‘मुतारी’ घाला. शब्द स्त्रीलिंगी, वापर पुल्लिंगी. शहरात पुरुषांना ती फुकट आणि बाईला मात्र शौचालयाच्या दाराशी पैसे मोजावे लागतात, कारण तिच्यासाठी मुतारी नावाची वेगळी वस्तू नियोजनात धरलेलीच नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाने बायकांनी यावर चळवळ चालवली. नाव इंग्रजी ठेवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. मराठीत नाव ठेवलं असतं तर पहिली दोन वर्षं नावाच्या सभ्यतेवरच चर्चा झाली असती. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने उच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी रस्त्यालगत स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. एका मराठी मासिकाने अंदाजपत्रकात ओळ घालायला लावली, ही आपल्या नियतकालिकांच्या इतिहासात नोंदवावी अशी गोष्ट आहे.

जेंडर हा शब्द कानावरही न येता आपल्याकडे हे काम कधी झालंच नाही असं नाही. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी आठवा. वि. स. पागे यांच्या डोक्यातली कल्पना, शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय कराचा पैसा आणि बंधाऱ्यावर खडी फोडणाऱ्या बाया. मस्टरवर बाईचं स्वतःचं नाव लागायचं. ‘कुटुंब’ नाही, नाव. आणखी मागे जायचं तर कौटिल्याकडे जा. त्याच्या अर्थशास्त्रातला सूत्राध्यक्ष विधवांना, अपंग बायांना, घराबाहेर न पडणाऱ्यांना सूतकताईचं काम देतो, काम घरी पोचवायला दासी पाठवतो. मजुरी द्यायला उशीर केला तर त्या अधिकाऱ्यालाच दंड. हा दंड आजच्या पंचायत समितीत लावला तर किती जण उरतील?

अर्थशास्त्रातला ‘अर्थ’ हा दोन तोंडांचा शब्द. धन तो अर्थ. आणि मागणं, इच्छिणं हाही त्याच्या मुळातला भाव, ज्यावरून प्रार्थना आली, विद्यार्थी आला आणि सरकारचा लाडका शब्द ‘लाभार्थी’ आला. म्हणजे अर्थसंकल्पाच्या एका टोकाला अर्थ आणि दुसऱ्या टोकाला अर्थी. ती हातात अर्ज घेऊन उभी. (‘अर्ज’ अरबी, त्याचा अर्थाशी काही संबंध नाही, पण शेजार छान जमलाय.)

लाभार्थी हा शब्द २०२४ मध्ये नात्यात शिरला. २८ जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली : दरमहा १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च. राखीपौर्णिमेच्या तोंडावर पैसे खात्यात पडले आणि भाषणांत त्याला ओवाळणी म्हटलं गेलं. पैशाला मी नावं ठेवणार नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला पडणारे दीड हजार म्हणजे काय, हे ज्यांनी दहा रुपयांसाठी नवऱ्यापुढे हात पसरलाय त्यांना विचारा. माझा आक्षेप शब्दाला आहे. ओवाळणी ही देणाऱ्याची खुशी. किती, कधी, पुढच्या वर्षी द्यायची का, ते भाऊ ठरवतो, आणि ताटात काय पडलं ते बहीण मोजत नाही, मोजू नये असं वळण.

‘बहीण’ या शब्दाची मात्र दुसरीच साक्ष आहे. बहीण आली प्राकृत ‘बहिणी’वरून, ती संस्कृत ‘भगिनी’वरून, आणि भगिनीत आहे ‘भग’. भग म्हणजे भाग्य, ऐश्वर्य. धातू ‘भज्’, वाटून देणं. भाग, विभाग, विभाजन, सगळे त्याच धातूचे. वेदांतला भग हा देव वाटे देणारा. वाट्याचा धातू नावातच घेऊन जन्मलेली ती बहीण. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, महिला धोरण जाहीर झालं त्याच वर्षी, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला. देशाने तो २००५ मध्ये दिला. त्यानंतर तलाठ्याच्या कार्यालयात एका कागदाची चलती झाली, त्याचं नाव हक्कसोडपत्र. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो. पाणी सोडणं ते हेच.

दुपारच्या जेवणानंतर फलकाचा प्रश्न पुन्हा निघाला. मी ‘लिंगभाव’ सुचवला, तो पडला. ‘महिला अर्थसंकल्प’ एकाने सुचवला, तोही पडला; पिशवीतून अंदाजपत्रक आणणारी म्हणाली, ‘‘म्हंजी परत शिलाई मशीनच.’’ शेवटी सकाळी माझ्या कानात कुजबुजलेल्या सरपंचबाईंनी खडू मागितला आणि फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘गावचा पैसा, बायकांचा वाटा’. ‘वाटा’ला संस्कृतातला ‘वण्ट’, विभाग, हा आधार आहे, असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. त्या आधीच चेकच्या सहीबद्दल बोलायला लागल्या होत्या, म्हणून गप्प बसले.

तुमच्या गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. पुढची असेल तेव्हा जा. अंदाजपत्रकाची प्रत मागा, आणि ‘महिला’ लिहिलेल्या एका ओळीवर न थांबता दिवे, रस्ते, पाणी, मुताऱ्या, सगळ्या ओळी वाचा. पेन्सिल घरून न्या.